खोडले म्हणजे गेले नव्हे

दिवाळी तोंडावर आली की घरोघरी झाडझुडीचा जो धडाका उडतो, तो सर्वांच्या परिचयाचा आहे. माळ्यावरची पितळी भांडी खाली येतात, कपाटे भिंतीपासून ओढली जातात, वर्षभर कोणी न पाहिलेली जळमटे निघतात. पाहुणा बाहेरच्या खोलीतच बसणार हे ठाऊक असते, तरी गृहिणी कोठीची खोली झाडल्यावाचून राहत नाही. पाहुण्याबरोबर त्याची पोरे येतात आणि पोरे कुठेही शिरतात, हे तिला अनुभवाने कळलेले असते. पण हीच गृहिणी, तिचा पदवीधर मुलगा, बँकेतले जावईबापू आणि चौतीस वर्षे खडू झिजवलेला मी, आम्ही सारे संगणकावर टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या हवाली करताना बाहेरची खोलीसुद्धा झाडत नाही. बटण दाबले की मोकळे! या मोकळेपणाविरुद्ध मला आज भांडायचे आहे, आणि भांडणाची सुरुवात स्वतःपासून करायची आहे.

मी किल्लारीचा. गावाचे नाव सांगितले की समोरचा मनुष्य क्षणभर गप्प होतो, ही गेल्या तीन दशकांची सवय झाली आहे. 29 सप्टेंबर 1993 ला गणपतींचे विसर्जन झाले, मंडळी दमून निजली, आणि 30 तारखेच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. चिखलात बसवलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती आणि वर माळवदाच्या मातीचे ओझे. ज्या घरांनी पिढ्यान्पिढ्या ऊन-थंडी अडवली, त्याच घरांनी माणसे गाडली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातली 52 गावे नव्या जागी वसवावी लागली. किल्लारी त्यांतलेच.

हे रडगाणे नव्हे. आमच्या गावाचे कागदाशी असलेले नाते जरा निराळे आहे, ते कळावे म्हणून सांगतो. त्या पहाटे माणसांबरोबर कागदही गाडले गेले. रेशनकार्ड, सातबारा, लग्नातला एकुलता एक फोटो, सारे ढिगाऱ्याखाली. आणि त्यानंतरची काही वर्षे आमचे जगणे याद्यांवर चालले. मृतांची यादी, जखमींची यादी, घर मिळणाऱ्यांची यादी. ज्याची जशी जमीन तसे त्याचे नवे घर: कोणाला 250 चौरस फूट, कोणाला 450, कोणाला 750. एका कुटुंबाची दोन कुटुंबे कोणत्या तारखेपासून धरायची, यावरून सख्ख्या भावांत पडलेला अबोला काही घरांत अजून सुटलेला नाही. तेव्हा कागदावरची एक ओळ म्हणजे काय असते, हे किल्लारीच्या माणसाला कोणी शिकवायला नको होते. मला तर नकोच होते. तरीही चूक माझ्याच हातून झाली.

भूकंपाला 2023 साली 30 वर्षे पूर्ण व्हायची होती. आम्ही चार-पाच जणांनी ठरवले की ज्यांनी ती रात्र पाहिली त्यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून लिहून घ्याव्यात आणि एक लहानसे पुस्तक काढावे. साक्षीदार म्हातारे होत चालले होते. मी घरोघर जाऊन बसलो, ऐकले, रात्री येऊन संगणकावर उतरवले. वर्डमध्ये ‘ट्रॅक चेंजेस’ नावाची एक सोय आहे. ती चालू ठेवली की आपण काय घातले, काय खोडले, कोणत्या दिवशी किती वाजता खोडले, याची नोंद यंत्र आपोआप ठेवते. पाच जण एकाच मजकुरावर हात फिरवणार होते, म्हणून मी ती चालू ठेवली होती.

एका काकूंनी मला खूप सांगितले. तीस वर्षे ज्यांनी त्या पहाटेविषयी अवाक्षर काढले नव्हते, त्या दोन तास बोलल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नातीच्या हाती निरोप पाठवून मला बोलावून घेतले. म्हणाल्या, “गुर्जी, कालचं शेवटचं ते काढून टाका. माझ्या लेकराला ते ठावं न्हाई. मी मेल्यावर बी कळू नये.” मी घरी आलो आणि त्यांच्यासमोर दिलेल्या शब्दाप्रमाणे त्या नऊ ओळी खोडल्या. पडद्यावरून त्या गेल्या. शेवटी मजकूर वाचून बघावा म्हणून मी ती फाइल आमच्या गावकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. गटात 37 माणसे होती; निम्मी गावात, उरलेली पुणे, सोलापूर, मुंबईकडे पोटापाण्याला गेलेली. त्यांतच काकूंचा मुलगा होता.

माझ्या संगणकावर त्या ओळी दिसत नव्हत्या याचे कारण एवढेच, की माझ्या संगणकाने त्या झाकल्या होत्या. अलीकडच्या वर्डची मूळची रीतच तशी आहे: बदल झालेल्या जागी समासात एक लहानशी तांबडी रेघ दाखवायची आणि खोडलेले शब्द नजरेआड ठेवायचे. पुण्यातल्या त्या मुलाच्या लॅपटॉपवर निराळा प्रोग्रॅम होता. त्याला झाकपाक ठाऊक नव्हती. त्याने नऊच्या नऊ ओळी उघड्या दाखवल्या, मधून एक आडवी रेघ मारून. खोडलेला मजकूर साध्या मजकुरापेक्षा अधिक उत्सुकतेने वाचला जातो, हे मी वाचकांना सांगायला नको.

त्या ओळींत काय होते, हे मी इथे सांगणार नाही.

आता या बाबतीत जे जे युक्तिवाद मला ऐकवण्यात आले, त्यांचा समाचार घेतो. पहिला युक्तिवाद: “गुरुजी, यंत्राने घोटाळा केला, तुम्ही काय करणार?” ही पळवाट फार सोयीची आहे आणि म्हणूनच ती मला मान्य नाही. यंत्राने घोटाळा केला नव्हता. मी त्याला सांगितले होते की प्रत्येक बदल जपून ठेव, आणि त्याने निष्ठेने जपून ठेवला. घोटाळा माझ्या समजुतीत होता. मी त्या फाइलला कागद समजत होतो. कागदावर खोडले की शाई शाईत मिसळते, रबराने पुसले की शिसे झडते. फाइल हा कागद नव्हे, ती पेटी आहे. आपल्याला दिसते ते पेटीच्या झाकणावर डकवलेले पान. 2007 पासून वर्ड ज्या डॉक्स जातीच्या फायली करतो, त्या तर शब्दशः पेट्या आहेत. फाइलच्या नावाचे शेपूट बदलून ‘झिप’ करा आणि उघडा: आत मजकूर निराळा ठेवलेला, चित्रे निराळी, शेरे निराळे, आणि फाइल कोणी बनवली, शेवटचा हात कोणी लावला, याची चिठ्ठीही निराळी. खोडलेले वाक्य तिथे ‘हे खोडलेले आहे’ अशी खूण लावून अक्षरशः जसेच्या तसे बसलेले असते. त्याच्याही आधीच्या वर्डमध्ये झटपट साठवणुकीची एक सोय होती. तिच्यात पुसलेले शब्द फाइलच्या पोटात तसेच पडून राहत आणि पुढे कोणालाही काढता येत.

दुसरा युक्तिवाद अधिक प्रतिष्ठित आहे: “एवढे खोलात कोण बघतो?” मी विचारतो, न बघण्याची हमी कोणी दिली आहे? फेब्रुवारी 2003 मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांच्या कचेरीने इराकवरचे एक टिपण वर्डच्या फाइलच्या रूपानेच जगापुढे ठेवले. बघणाऱ्यांनी बघितले. फाइलच्या पोटात तिच्यावर हात फिरवणाऱ्यांची नावे होती आणि पुढे त्यांची जाहीर चर्चा झाली. ऑक्टोबर 2005 मध्ये लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफीक हरीरी यांच्या हत्येच्या तपासाचा संयुक्त राष्ट्रांचा अहवाल बाहेर पडला. तपासप्रमुख डेटलेव मेहलिस यांच्या त्या अहवालातून जी बडी नावे शेवटच्या घटकेला गाळली होती, ती बदलांच्या नोंदीत जिवंत होती. ऑगस्ट 2023 मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाने माहिती अधिकाराच्या एका अर्जाला उत्तर म्हणून आकड्यांचे पत्रक दिले, आणि त्याच फाइलमध्ये नजरेआड राहिलेल्या पानावर सुमारे 10,000 कर्मचाऱ्यांची आडनावे, आद्याक्षरे, हुद्दे आणि नेमणुकीची ठिकाणे निघाली. ज्या देशात पोलिसाने आपला पेशा शेजाऱ्यालाही सांगायची धास्ती बाळगावी, त्या देशात! दलाला पुढे साडेसात लाख पौंडांचा दंड झाला. साहेबाच्या देशातली ही स्थिती. तिथे किल्लारीच्या निवृत्त मास्तराची काय कथा, असे म्हणून सुटता येईल काय? मला तर उलटे वाटते. त्यांच्या फायली अनोळखी माणसांनी उकरल्या. माझी फाइल उकरायची गरजच नव्हती; ती ज्याने वाचू नये नेमका त्याच्याच हातात मी नेऊन दिली. गावात ‘कोण बघतो’ हा प्रश्नच फोल आहे. गावात ज्याचा संबंध असतो तोच बघतो.

तिसरे शहाणे म्हणतात, “पीडीएफ करून पाठवायची, झाले!” हा उपाय अर्धा खरा आहे, आणि अर्धे खरे फार दगा देते. शेरे आणि खाडाखोड पडद्यावर उघडी असताना पीडीएफ केली, तर ती खाडाखोडीसकट होते. आणि मजकुरावर काळी पट्टी ओढून केलेली पीडीएफ म्हणजे मांजराने डोळे मिटून दूध पिणे. जानेवारी 2019 मध्ये अमेरिकेत पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दिलेल्या कागदावरच्या काळ्या पट्ट्यांखालचा मजकूर लोकांनी नुसता उचलून दुसरीकडे चिकटवला आणि वाचला. पट्टी वर होती, अक्षरे खाली जागच्या जागी होती.

मग करायचे काय? तंत्रशिक्षणाचा वर्ग उघडण्याची माझी इच्छा नाही. पण नुसते ओरडून खाली बसणे शिक्षकाला शोभत नाही, म्हणून झाडू कुठून कसा फिरवायचा ते थोडक्यात सांगतो. प्रथम फाइलची दुसरी प्रत करा. मूळ प्रत आपल्या पेटीत, झाडायची ती दुसरी, कारण झाडून गेलेले पुन्हा येत नाही. तिच्यात ‘रिव्ह्यू’खाली जाऊन सगळे बदल ‘ॲक्सेप्ट’ करा, म्हणजे स्वीकारा. नुसते दिसेनासे करू नका. माझा घात तिथेच झाला. समासातले शेरे काढा. मग ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘चेक फॉर इश्यूज’ या वाटेने ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ गाठा. हा इन्स्पेक्टर शाळा तपासणीला येणाऱ्या साहेबांपेक्षा पुष्कळ प्रामाणिक आहे: कोपऱ्यात काय काय दडले आहे ते सांगतो आणि तुम्ही म्हणाल तर काढून टाकतो. फोटो कापून लहान केला असेल तर कापलेला भागही फाइलमध्येच राहतो. ज्या बाईंना फोटोतून वगळले असे तुम्हाला वाटते, त्या पलीकडे उभ्याच असतात. त्यासाठी ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मध्ये कापलेला भाग टाकून देण्याची निराळी खूण आहे, ती करा. एक्सेलमधला तक्ता आणून चिकटवला असेल, तर त्याच्यामागे अख्खे एक्सेल येऊन बसले नाही ना, ते बघा. तक्त्याचे नुसते चित्र चिकटवणे उत्तम. आणि जी मंडळी आता सारे काही दुव्यावर चालवतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे की गूगलच्या डॉक्समध्ये ज्याला दुरुस्तीचा अधिकार दिला, त्याला जुन्या आवृत्त्याही उघडता येतात. नवी प्रत करून तिचा दुवा द्या. सारा खटाटोप चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात होतो. हे काम अवघड असते तर मी स्वतःला क्षमा केली असती.

ता. क. म्हणून फाँटचेही एक गाऱ्हाणे मांडतो. श्री-लिपी, आकृती यांसारख्या जुन्या धाटणीच्या फाँटांत टाइप केलेला मजकूर लोक बेलाशक पाठवतात, आणि ज्याच्याकडे तो फाँट नाही त्याला मराठीऐवजी रोमन अक्षरांची भेळ दिसते. देवनागरीला युनिकोडमध्ये 1991 पासून जागा आहे. आपल्या घरचे ताट पाहुण्याला वाढताना त्याच्याकडे दात आहेत की नाहीत हे पाहतो, तेवढे पाहावे. हा अपराध त्या मानाने लहान. यात वाचणाऱ्याला त्रास होतो. पहिल्यात बोलणाऱ्याचा घात होतो.

एक आक्षेप मात्र मी मनापासून ऐकला, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इतिहासाचे एक अभ्यासक स्नेही म्हणाले, “तुम्ही सगळे झाडून काढाल तर आमच्या हाती काय उरेल? खाडाखोड हाच तर आमचा पुरावा. लेखकाने आधी काय लिहिले आणि मग का बदलले, यातच माणूस सापडतो.” खरे आहे. जुन्या दस्तऐवजांत खाडाखोड झाली तर ती लपवत नसत. शेजारी सही करीत. समर्थांनी दासबोधाच्या 19व्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला. त्यात कागदाच्या चहू बाजूंनी जागा सोडावी असे सांगितले आहे, म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडणार नाही. ज्या समाजाला अक्षर टिकवण्याची एवढी काळजी, त्याला मी अक्षरे मारायला शिकवतो आहे काय?

नाही. मी दोन प्रती ठेवा म्हणतो. कच्ची प्रत फार मोलाची असते आणि म्हणूनच ती पाठवायची नसते. ती जपायची असते, तिच्यावर तारीख घालायची असते, आणि ती कोणी केव्हा पाहावी याचा निर्णय ज्याचे शब्द त्याने करायचा असतो. माझे स्नेही ज्या कागदांवर जगतात, ते कोणीतरी जाणूनबुजून ठेवलेले असतात. गटावर चुकून पडलेले नसतात. आणि जे बोलणाऱ्याने परत मागितले, त्याचे काय? तिथे इतिहासाचाही हक्क संपतो, असे माझे मत आहे. आमच्या गावावर त्या पहाटेनंतर पुष्कळांनी पुष्कळ लिहिले. पत्रकार आले, अभ्यासक आले, कॅमेरे आले. तुमचे कोण गेले, हे आम्हाला किती वेळा विचारले गेले याची गणती नाही. त्या गर्दीत ‘हे लिहू नका’ म्हणण्याची सोय कोणालाच नव्हती. तीस वर्षांनी एका बाईने ते म्हटले, गावातल्याच माणसाजवळ म्हटले, आणि त्या माणसाने ‘हो’ म्हणून तिच्या शब्दांवर नुसता पडदा ओढला.

हे आमच्या पुस्तकापुरते नाही. आजकाल गावोगावच्या गटांवर अर्जांचे नमुने, लाभार्थ्यांची पत्रके, सभांची इतिवृत्ते फिरतात. मागच्या वर्षी माझ्याकडे अर्जाचा एक कोरा नमुना आला. कोरा म्हणजे कोणा एकाच्या भरलेल्या अर्जातून नाव पुसून केलेला. आजाराच्या रकान्यातली माहिती पुसली नव्हती, अक्षरांना पांढरा रंग दिला होता. माऊसने रकाना निवडताच त्या गृहस्थाचा आजार, बँकेचा खातेक्रमांक, सारे निळ्या पट्टीवर उमटले. नमुना पाठवणारा मनुष्य मदत म्हणूनच पाठवत होता. माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्यात याच गोष्टीसाठी दहावे कलम घातले आहे: जो भाग देऊ नये तो वेगळा काढावा आणि उरलेला द्यावा. वेगळा काढावा, पांढरा करावा असे नव्हे. कायदा सरकारी कचेऱ्यांना बांधतो. आम्हा मास्तरांना, सेक्रेटऱ्यांना, टायपिंगच्या दुकानदारांना, सोसायटीच्या उत्साही चिटणिसांना बांधणारे काही असेल तर ती लाज, आणि तिचा साठा हल्ली बेताचाच दिसतो.

माझ्या प्रकरणाचे पुढे काय झाले ते सांगतो. मुलाचा फोन मला चौथ्या दिवशी आला. तो ओरडला असता तर बरे झाले असते. “सर, आईनं हे तुम्हाला सांगितलं का?” एवढेच त्याने विचारले, आणि काय उत्तर द्यावे ते मला सुचेना. व्हॉट्सॲपवर पाठवलेले सर्वांकडून मागे घ्यायची मुदत अडीच दिवसांची असते. ती उलटून गेली होती. उलटली नसती तरी ज्यांनी फाइल उतरवून घेतली, त्यांच्याकडून ती गेली नसतीच. मी दुपारी काकूंकडे गेलो. त्यांना कळले होते. सुपात गहू निवडत बसल्या होत्या. मी जे झाले ते सगळे सांगितले, खोडणे कसे खोडणे नसते तेही सांगितले. त्यांनी मान वर केली नाही. थोड्या वेळाने विचारले, “किती जणांकडं गेलं?”

“सदतीस,” मी म्हणालो.

त्या गहू निवडत राहिल्या.

त्यानंतरचे तीन आठवडे मी त्या सदतीस माणसांच्या मागे होतो. गावातल्यांच्या दारी गेलो, बाहेरगावच्यांना फोन केले. एकोणतीस जणांनी माझ्यादेखत किंवा फोनवर असताना फाइल काढून टाकली. त्यांतल्या बहुतेकांनी ती उघडलीही नव्हती. चौघांनी ‘काढली’ असे सांगितले. तिघांचे फोन लागले नाहीत. सदतिसावा काकूंचा मुलगा. त्याला मी काही सांगू शकलो नाही. दिवाळीला तो गावी आला होता, आईजवळ आठ दिवस राहिला. पुस्तक पुढच्या उन्हाळ्यात छापून झाले. काकूंची आठवण त्यात आहे, त्यांनी सांगितली तेवढीच. छापखान्याला फाइल देण्याच्या आदल्या रात्री मी तिचे शेपूट बदलले, पेटी उघडली आणि आतले एकेक पान त्या नऊ ओळींतल्या एका शब्दासाठी शोधून पाहिले.